उन्हाळी टायर

समोरच्या डोंगरावर तीनदा बर्फ पडला की चौथ्यांदा तो गावात उतरतो, असं जपानमधल्या उओनुमाच्या खोऱ्यातली म्हातारी माणसं सांगतात. हवामान खात्यापेक्षा लोकांचा त्यांच्यावर विश्वास जास्त. त्यामुळे डोंगराने दुसऱ्यांदा पांढरी टोपी घातली रे घातली, की गेन्झोच्या पेट्रोल पंपावर ही झुंबड! सगळ्यांना त्याच आठवड्यात टायर बदलून हवे असतात. आधी दोन महिने काय झोपा काढत होतात का, असं गेन्झो प्रत्येकाला विचारतो आणि प्रत्येकाचं काम करतो. उन्हाळी टायर काढायचे, थंडीचे चढवायचे, काढलेल्यांवर खडूने मालकाचं नाव लिहायचं आणि मागच्या शेडमध्ये रचून ठेवायचे. एप्रिलमध्ये हाच खेळ उलटा. थंडीच्या टायरचं रबर मऊ असतं. बर्फाला ते घट्ट धरतं, पण तापल्या डांबरावर साबणासारखं झिजून जातं.

त्या वर्षी डोंगराची तिसरी टोपीही घालून झाली. गावातल्या झाडून सगळ्या गाड्यांचे टायर बदलून झाले. राहिली होती एकच गाडी, आणि ती गेन्झोच्याच घरची. निळी, बुटकी, दोनच माणसं बसतील अशी, कापडी छपराची स्पोर्ट्स कार. त्याच्या मुलाची, योहेइची. योहेइ आजारपणात गेला त्याला दोन वर्षं होऊन गेली होती, आणि आता ती गाडी त्याची बायको चिनात्सु चालवायची.

"गावाचे टायर बदलून बदलून कंबर मोडून घेतलीस," शेजारची तोमिएअक्का पंपावर रॉकेल घ्यायला आली की हटकून म्हणायची, "आणि घरच्या गाडीच्या पायात अजून उन्हाळी चपला? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच."

"जुने झिजलेत. नवे मागवलेत, आले नाहीत अजून."

"कुठून मागवलेस रे? चंद्रावरून?"

गेन्झो खाली बघून कॅन भरायचा. चोराच्या मनात चांदणं. टायर ऑक्टोबरमध्येच आले होते. शेडच्या अगदी मागे, रॉकेलच्या रिकाम्या डब्यांच्या आड, ताडपत्रीखाली चारही टायर, रिमसकट, कोरे करकरीत पडून होते.

गेन्झो खोटारडा माणूस नव्हता हो. उलट गावात त्याची ख्याती अशी, की तोंडावर बोलेल, पण टायर झिजला नसेल तर नवा गळ्यात मारणार नाही. पण झालं असं, की ऑक्टोबरच्या सुरुवातीला शिझुओकाहून चिनात्सुच्या आईचा फोन आला. तिचे वडील, अण्णा, संत्र्याच्या बागेत शिडीवरून पडले, खुब्याचं हाड मोडलं, आणि झाडं फळांनी लगडलेली. आईला एकटीला झेपणार नव्हतं. आणि आई एवढ्यावर थांबली नाही. "आता इकडेच राहा," ती म्हणाली. "चौतिशीची आहेस. सासऱ्याच्या पंपावर लोकांच्या काचा पुसत किती दिवस काढणार?"

चिनात्सुने हे जसंच्या तसं गेन्झोला सांगितलं. लपवाछपवी तिच्या स्वभावातच नव्हती. "बरोबर बोलतेय तुझी आई," गेन्झो म्हणाला. "जा की." हे ओठांवरचं झालं. पोटात काय होतं ते त्याने स्वतःलाही नीट सांगितलं नाही. त्याची बायको कधीच गेली होती. मुलगा गेला तेव्हा या मुलीला कोणी राहा म्हटलं नव्हतं की जा म्हटलं नव्हतं. ती राहिली. सकाळी पंपाचं शटर उघडायची, योहेइच्या फोटोसमोर पहिला गरम भात ठेवायची आणि गेन्झो मोजे न घालता शेडमध्ये गेला तर मागून ओरडायची. घरात दुसरं माणूस ओरडायला असणं ही काय चीज आहे, हे ज्याचं घर रिकामं झालंय त्याला विचारा.

गेन्झोने आधी वेगळीच शक्कल लढवली होती. "ट्रेनने जा," तो म्हणाला. "गाडी इथे राहू दे. मी सांभाळतो." गाडी राहिली तर कधीतरी गाडीसाठी तरी येईल, एवढंच त्याचं राजकारण.

"नाही बाबा. ज्या गाडीतून या घरात आले तीच घेऊन जाईन."

झालं. मग टायर आले आणि गेन्झोने त्यांच्यावर ताडपत्री टाकली. एकदा का खोऱ्यात बर्फ बसला, की उन्हाळी टायरची गाडी एप्रिलपर्यंत जागची हलत नाही. एप्रिलनंतर काय, इतका पुढचा विचार त्याने केला नव्हता.

आणि एके दिवशी पहाटे बर्फ काढणाऱ्या गाडीच्या घरघरीने त्याला जाग आली. उठून खिडकीची काच पुसली. पंप, रस्ता, समोरची भाताची खाचरं, सगळं पांढरंफटक. निळी गाडी आरशांपर्यंत बुडाली होती. गेन्झोला आनंद झाला. खोटं कशाला बोला, झाला. थंडीत अनवाणी उभा राहून तो म्हातारा चक्क हसला.

हसू तोंडावर तसंच घेऊन तो स्वयंपाकघरात आला. चिनात्सु त्याच्याकडे पाठ करून फोनवर बोलत होती.

"आई, आता नाही जमायचं... अगं, बाबा काय करणार? टायरच आले नाहीत. त्यांनी वेळेवर मागवले होते, रोज चौकशी करतात बिचारे... त्यांना नाव ठेवू नकोस. त्यांचा काही दोष नाही... काय? अण्णा बागेत गेले? काठी घेऊन? आणि तू जाऊ कसं दिलंस!"

गेन्झो दारातच थबकला. चुलीवर मिसोचं सूप उकळत होतं. फोटोसमोर भाताची वाटी ठेवलेली होती, वाफ निघत होती. योहेइ नेहमीसारखाच बापाकडे बघून हसत होता. गेन्झोला त्या हसण्याकडे बघवेना. तिकडे एक मोडक्या खुब्याचा माणूस काठी टेकत झाडाखाली उभा आहे, आणि इकडे आपण खिडकीत उभे राहून बर्फ पडला म्हणून खूश होतो. थू तुझ्या जिनगानीवर, असं तो स्वतःला म्हणाला आणि न जेवताच बूट चढवून शेडकडे गेला. मोजे घालायचे राहिले.

ताडपत्री ओढून काढली. एकेक टायर गडगडवत गाडीपाशी आणला. फावड्याने गाडीभोवतालचा बर्फ उपसला, फळी टाकली, जॅक लावायला खाली वाकला, तेवढ्यात मागून आवाज आला.

"मोजे!"

चिनात्सु उभी होती. एका हातात मोजे, दुसऱ्या हातात तिचे कामाचे हातमोजे. तिने आधी टायरांकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"पोरी, हे टायर..." गेन्झो जॅक धरूनच सरळ झाला. "हे ऑक्टोबरमध्येच आले होते. मी तुला खोटं बोललो."

"माहीत आहे. तुम्ही मोजे घाला आधी."

"माहीत आहे म्हणजे?"

"तुम्ही दातांच्या डॉक्टरकडे गेला होतात ना, त्याच दिवशी ट्रक आला. माल मीच उतरवून घेतला. शेडमध्ये रचलेही मीच. तुम्हाला वाटलं, ट्रकवालाच ठेवून गेला. ताडपत्री तेवढी तुम्ही नंतर टाकलीत." तिने त्याच्या हातातून जॅक घेतला. "सरका. तुमची कंबर आखडेल."

गेन्झो बर्फात फतकल मारून बसला आणि मोजे चढवू लागला. त्याला आता वर बघायची लाज वाटत होती. "मग बोलली का नाहीस? वेड पांघरून पेडगावला गेल्यासारखी गप्प बसलीस ती?"

ती बराच वेळ जॅकचा दांडा फिरवत राहिली. गाडीचं एक चाक हळूहळू जमिनीवरून सुटलं.

"तुम्ही म्हणालात, आले नाहीत," ती म्हणाली. "मला वाटलं, बरं झालं. नाही आले तर नाही आले."

तिने नट सैल केले, त्याने चाकं उतरवली. काढलेल्या उन्हाळी टायरांवर आतल्या बाजूला गेल्या खेपेचा खडू अजून होता. गेन्झोच्याच अक्षरात लिहिलेलं: योहेइ. गाडी चिनात्सु चालवत असली तरी त्याने ते नाव कधी बदललं नव्हतं. तिने त्याच्यावरून बोट फिरवलं, पण पुसलं नाही.

काम झाल्यावर गेन्झोच्या अंगातला पंपवाला जागा झाला. "आता ऐक. सहा वर्षं तू बर्फात गाडी चालवतेयस, मान्य. पण ती पंपाची गाडी. तिच्या चारही चाकांना जोर आहे. ही बया मागच्या दोन चाकांवर चालते, आणि मागून हलकी आहे. चढावर शेपूट हलवील. उद्या महामार्गाला लागायच्या आधी आज खिंडीपर्यंत एक फेरी मारायची. मी बसतो बाजूला."

"तुम्ही? या गाडीत?"

"का? बंदी आहे?"

तो घरात गेला आणि नव्या तांदळाचं पोतं पाठीवर मारून आला. ते त्याने डिकीत आडवं ठेवलं. डिकी तेवढ्यातच भरली. "मागच्या चाकांवर वजन पाहिजे," तो म्हणाला. "आणि तुझ्या आईला सांग, पोहोचल्यावर वजन शिजवून खा."

मग आला बसण्याचा प्रसंग. गेन्झोने दार उघडलं, आत बघितलं, एक पाय घातला, काढला, दुसरा घातला. शेवटी तो पाठमोरा होऊन धपकन आत पडला आणि पाय हातांनी उचलून आत घेतले. रस्त्यापलीकडे बर्फ उपसत असलेली तोमिएअक्का फावडं टेकून उभी राहिली.

"गेन्झो! परत निघताना बोलव रे! आम्ही दोरी लावून ओढू!"

"स्वतःचं अंगण बघ अक्का!"

चिनात्सुने गाडी सुरू केली. "पहिल्या गिअरला हात लावू नकोस," गेन्झो म्हणाला. "दुसऱ्यातच उचल. क्लच हळू... अजून हळू... झोपलेल्या बाळाखालून हात काढतेयस असं समज." मागची चाकं एकदा गरकन फिरली, मग नव्या रबराने बर्फ धरला आणि गाडी निघाली. गावातल्या रस्त्यात मधोमध पुरलेल्या नळांतून जमिनीतलं कोमट पाणी उडत होतं, तिथे बर्फ टिकत नाही. वस्ती संपली आणि खरा पांढरा रस्ता सुरू झाला.

गाडी इतकी बुटकी, की गेन्झोला वाटलं, आपण बर्फावर बसूनच घसरत चाललोय. डोळ्यांच्या पातळीवर देवदारांचे बुंधे पळत होते. योहेइने ही गाडी आणली तेव्हा हाच गेन्झो म्हणाला होता, बर्फाच्या गावात दोन माणसांचं खेळणं आणणाऱ्याला अक्कल म्हणतात का? योहेइ हसून म्हणायचा, बाबा, एकदा बसा तरी. दर हिवाळ्यात म्हणायचा. गेन्झो गुडघ्यांची सबब सांगायचा. पुढे आजारपणात तो म्हणायचा थांबला, आणि गेन्झोनेही स्वतःहून कधी म्हटलं नाही.

"वळणाच्या आधीच वेग कमी कर. वळणात काही करायचं नाही. काही म्हणजे काही नाही."

"हो बाबा."

"हो म्हणतेस आणि पाय— अगं ब्रेक नको! पाय काढ!"

गाडीची शेपूट डावीकडे सरकली. क्षणभर समोर रस्त्याऐवजी दरी दिसली. गेन्झोने दाराचा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि दिवंगत बायकोचं नाव घेतलं. चिनात्सुने पाय उचलला, स्टिअरिंग सरकण्याच्या बाजूलाच हलकं वळवलं, आणि गाडी शहाण्या मुलीसारखी सरळ झाली. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. आधी ती फिस्सकन हसली, मग तोही.

"सासूबाईंना का बोलावलंत?"

"दुसरं कोण येणार होतं वाचवायला?"

खिंडीत बस वळवायची मोकळी जागा आहे. तिथे तिने गाडी थांबवली. आभाळ निवळलं होतं आणि ऊन आलं होतं. "गिअरमध्येच ठेव," गेन्झो म्हणाला. "हँडब्रेक—"

"ओढू नको, गोठतो. सहा वर्षं राहिलेय मी इथे." असं म्हणून तिने वरच्या दोन कड्या सोडल्या आणि छप्पर मागे लोटून दिलं.

"वेड लागलं का? कापडी छप्पर या थंडीत तडकेल! न्यूमोनियाने मरीन मी!"

"योहेइ असंच करायचा. टोपी ओढा कानांवर. हीटर पायाशी आहे."

खरंच पाय उबेत होते आणि डोक्यावर निळं आभाळ. देवदाराच्या फांदीवरून बर्फाचा एक गोळा सुटला आणि थेट गेन्झोच्या मांडीवर पडला. त्याने तो झटकला नाही. ऊन, पायांना लागणारी ऊब, थंडीने चुरचुरणारे गाल, हे सगळं आपल्या मुलाला इतकं आवडायचं, आणि आपल्याला ते माहीतच नव्हतं, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला रडू कोसळलं. तो तोंड लपवायला म्हणून टोपी खाली ओढू लागला.

"किती वेळा म्हणाला तो, बाबा, एकदा बसा. काय झिजलं असतं माझं?"

"तो म्हणायचा, बाबांचे गुडघे वाकतात, मान वाकत नाही." चिनात्सुचाही आवाज ओला होता. "पण एक सांगू? टायर त्याला स्वतःला बदलता येत होते की. तुमच्याच हाताखाली शिकलेला. तरी दर वेळी तुमच्याकडेच गाडी लावायचा. मी एकदा विचारलं, तर म्हणाला, बाबा गाडीत बसत नाहीत, पण वर्षातून दोनदा तिला हात लावतात. प्रत्येक नट दोनदा आवळून बघतात. तेवढं पुष्कळ आहे."

मांडीवरचा बर्फ वितळून पँट भिजली तरी गेन्झो तसाच बसून राहिला. घाट उतरताना मात्र त्याने एकही सूचना केली नाही, आणि ती काही चुकलीही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती निघाली. प्रवासासाठी भाताचे गोळे त्याने केले होते, ओबडधोबड, आत खारवलेलं आंबट आलुबुखार भरून. तिने योहेइच्या फोटोसमोर हात जोडले, बॅग बाजूच्या सीटवर ठेवली, पट्टा लावला. गेन्झोने पुन्हा एकदा चारही चाकांचे नट आवळून बघितले. मग दोनदा झाले म्हणून तिसऱ्यांदाही बघितले. आता करण्यासारखं काही उरलं नाही.

"बोगद्यापलीकडे कोरडा रस्ता लागेल," तो खिडकीशी वाकून म्हणाला. "तिथे फार पळवू नकोस. हे रबर मऊ आहे. तुझ्या गावाला चार महिने ठीक, पण एप्रिलनंतर ऊन तापलं की यांचं वाटोळं होईल. उन्हाळी टायर मी कुरियरने पाठवून देतो."

"खबरदार पाठवलेत तर."

"अगं, मग काय अनवाणी फिरवणार गाडी?"

"एप्रिलमध्ये मी येईन. तुम्ही बदलून द्यायचे."

"तिकडे काय दुकानं नाहीत?"

"ढीगभर आहेत."

"बरं," तो म्हणाला. "आणि मग हे थंडीचे?"

"हे इथे शेडमध्ये राहतील. या डिकीत चार टायर मावतात का? हे चढवायला नोव्हेंबरमध्ये परत येईन."

"अगं वेडे, शिझुओकात बर्फ पडतो का कधी? तिथे थंडीच्या टायरचं काय काम?"

"काहीच काम नाही, बाबा," चिनात्सु म्हणाली.

तिने दुसरा गिअर टाकला. क्लच हळूच सोडला. चाकं एकदाही फिरली नाहीत. गाडी रस्त्याला लागली, वळणाच्या आधी मागचे दोन्ही दिवे दोनदा लुकलुकले, इकडे लोक वाट दिल्याबद्दल आभार मानतात तसे, आणि ती दिसेनाशी झाली.

गेन्झो शेडमध्ये गेला. उन्हाळी टायर धुतले, पुसले, फळीवर रचले. दाराशी, जिथे सगळ्यांत आधी हात पोहोचतो तिथे. 'योहेइ' या नावाच्या बाजूला जागा होती. तिथे त्याने खडूने 'चिनात्सु' लिहिलं.

तोमिएअक्का दारात येऊन उभी होती. यावेळी हातात रॉकेलचा कॅन नव्हता. गरम रताळी होती, कागदात गुंडाळलेली.

"गेली?"

"गेली."

"जायचंच होतं रे तिला कधी ना कधी. तरणी पोर आहे." तिने एक रताळं त्याच्या हातात दिलं. "वाईट वाटून घेऊ नकोस."

"एप्रिलमध्ये तिचा पहिला नंबर आहे," गेन्झो रताळ्याचं साल काढत म्हणाला. "तुझी गाडी तिच्यानंतर."